पुलाचा कठडा आणि एक पिशवी

मी पुलांचे कठडे काढतो. म्हणजे बांधत नाही, कॉम्प्युटरवर काढतो. बेलापूरच्या एका सल्लागार कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून लागलो तेव्हा समोर ड्रॉइंग बोर्ड असायचा, आता स्क्रीन असतो, पण काम तेच. खांब, गर्डर, पाया ही मानाची कामं इंजिनियर मंडळी स्वतःकडे ठेवतात आणि कठडा, पावसाच्या पाण्याचे पाइप, दिव्यांच्या जागा असला किरकोळ माल माझ्याकडे सरकवतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पूल बघायला आलेला माणूस खांबांचं कौतुक करतो खरा, पण टेकतो कठड्यालाच.

कठड्याची उंची ठरलेली असते. चालता चालता कोणाचा तोल गेला, एखादं मूल धावत आलं, तर अडावं एवढी. थोडक्यात, ज्याला पडायचं नाही त्याच्यासाठी ती उंची आहे. ज्याच्या मनात दुसरं काही असेल त्याचा विचार त्या आकड्यात नाही. एवढी वर्षं कठडे काढले, पण हे माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

पनवेलहून उलव्याकडे जाताना खाडीवर एक पूल लागतो. त्याचा कठडा मी काढलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लोक उगाच त्यात काहीतरी खोल अर्थ शोधतील. काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, डबा घेऊन ऑफिसला म्हणून निघालेला मी, त्या पुलावर जाऊन उभा राहिलो. मला जगायचं नव्हतं. हे वाक्य लिहायला मला किती दिवस लागले ते मी सांगत नाही.

आणि कारण विचाराल तर ते नव्हतंच. यातलं सगळ्यात लाजिरवाणं मला हेच वाटतं. नोकरी होती, घर स्वतःचं होतं, मुलगी पुण्यात शिकत होती, बायको माझ्यापेक्षा समजूतदार होती. कोणाला सांगायला एखादं धड दुःख तरी असावं माणसाकडे. माझ्याकडे नुसता थकवा होता. सकाळी उठून दात घासायचे म्हटलं तरी अंगावर काटा यायचा, टीव्हीवर लोक का हसताहेत ते कळायचं नाही, आणि महिनोन् महिने हे असंच चाललं होतं. बायको विचारायची तेव्हा मी ॲसिडिटी म्हणायचो. आमच्या घरात सगळ्या दुखण्यांना ॲसिडिटी म्हणायची पद्धत आहे.

पुलावर मी चपला काढल्या. का काढल्या, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कुठेही आत शिरताना काढायची सवय, त्याच सवयीने काढल्या असाव्यात. त्या जोडून नीट बाजूला ठेवल्या, डबा त्यांच्याजवळ ठेवला आणि हात कठड्यावर टेकून खाली बघत राहिलो.

मागे एक स्कूटर थांबली. चालवणारे गृहस्थ इंजिन चालूच ठेवून बसले होते, आणि मागून एक बाई उतरल्या. माझ्याच वयाच्या, किंवा थोड्या मोठ्या. हातात जड कापडी पिशवी, साड्यांच्या दुकानात मिळते तसली, जाड बंदांची. आदल्या दिवशी घट उठले होते, त्यातली माती, वाढलेलं धान, नऊ दिवसांच्या माळा, सगळं पिशवीत भरलेलं. मागून न्हावा शेवाकडे जाणारे कंटेनर हॉर्न वाजवत होते.

"दादा, तुम्ही निर्माल्यच टाकायला थांबलाय ना?" त्या म्हणाल्या. "तेवढं आमचंही टाका. आमचे हे गाडी इथे फार वेळ थांबवत नाहीत, पोलीस धरतात म्हणे."

मी त्यांच्याकडे बघितलं. काय उत्तर द्यायचं होतं मी? नाही, मी दुसऱ्या कामासाठी आलोय, असं? आमच्यासारख्या माणसाला कोणी हातात पिशवी दिली तर ती घ्यायची, एवढंच येतं. मी पिशवी घेतली.

"आणि दादा, पिशवी टाकू नका हं खाली. चांगली आहे. नुसतं निर्माल्य सोडा, हळूहळू, एकदम ओतू नका. नंतर हात जोडा. आमच्या वतीने." मागून पुन्हा हॉर्न वाजला. "पिशवी तुमच्याकडेच ठेवा," असं म्हणत त्या मागे बसल्या आणि स्कूटर निघून गेली.

मग मी त्यांनी सांगितलं तसं केलं. मुठीमुठीने माती सोडली. धानाची मुळं एकमेकांत गुंतली होती, ती सोडवली. झेंडूच्या माळेतला दोरा काढून खिशात टाकला, कारण दोऱ्यात पक्षी अडकतात असं मुलीने लहानपणी मला बजावलं होतं. शेवटी हात जोडले. दोन्ही हात मातीने भरले होते, नखांत माती गेली होती, आणि मला फक्त एकच गोष्ट हवी होती, हात धुवायला पाणी. मी चपला घातल्या, डबा उचलला, पुलाच्या टोकाशी असलेल्या टपरीवर गेलो. तिथे हात धुतले, चहा घेतला. चहा अगदी बेकार होता. तो बेकार आहे हे मला कळलं, आणि कितीतरी दिवसांनी मला काहीतरी कळलं होतं.

त्या संध्याकाळी बायकोने विचारलं, ही पिशवी कुठली? तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मला पनवेलमधल्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथे बाहेर बसलेलो असताना मी चेहऱ्यापुढे पेपर धरला होता, ओळखीचं कोणी बघेल म्हणून. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानेही धरला होता. डॉक्टर म्हणाले, "ती वेळ टळली ना, हेच मोठं. लोकांना वाटतं, माणसाने ठरवलं की ठरवलं. तसं नसतं. ती लाट असते, येते आणि ओसरते. मध्ये कोणीतरी, काहीतरी अडवायला हवं." गोळ्या सुरू झाल्या, बोलणं सुरू झालं, आणि हळूहळू मी माणसात आलो. शेजाऱ्यांना, सासुरवाडीच्यांना आम्ही बीपी सांगितलं. बीपी हा मानाचा आजार आहे, त्यावर लोक मिठाचे सल्ले देतात आणि खूश होतात. पिशवी मात्र घरात राहिली. बायकोने ती स्वयंपाकघराच्या दारामागे अडकवली आणि त्यात कांदे ठेवायला सुरुवात केली.

इथवरचं मी कोणालाच सांगितलं नसतं. पण मध्यंतरी नव्या पुलांसाठी येऊ घातलेल्या कायद्याचा एक मसुदा आमच्या ऑफिसात आला. त्यात एक कलम होतं. पाण्यावरच्या प्रत्येक नव्या उंच पुलाला, जिथे पायी जायची वाट आहे तिथे, माणसाच्या उंचीहून वर जाणारी जाळी असावी. जाळीला पाय ठेवायला आधार नसावा. पुलाच्या दोन्ही टोकांना मदतीचा फोन असावा. कशासाठी, तेही तिथे सरळ लिहिलं होतं. सरकारी कागदावर तो शब्द मी दोनदा वाचला. मी इकडेतिकडे बघितलं, कोणी माझ्याकडे बघतंय का म्हणून. कोणी बघत नव्हतं. सगळे वैतागलेले होते, कारण गव्हाणच्या बाजूला होणाऱ्या आमच्या एका पुलाची ड्रॉइंग जवळजवळ पूर्ण झाली होती, आणि हे कलम राहिलं तर सगळं पुन्हा करायला लागणार होतं. जाळी म्हटली की वजन वाढतं, वारा अडतो, वाऱ्याचा हिशेब वाढतो.

मसुद्यावर हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. आमचे साहेब माझ्या टेबलाशी आले. "हरकत तुम्हीच लिहा. तुमची मराठी चांगली आहे. वजन, वारा, देखभाल हे मुद्दे घ्या. आणि तो एक मुद्दा टाकाच, की ज्याला जायचंच आहे तो दुसरीकडे जाईल."

मी नाही म्हणू शकलो असतो. सर्दी झालीय, मुलगी आलीय, काहीही सांगता आलं असतं. पण मला वाटलं, नाही म्हटलं तर विचारतील का, आणि का विचारलं तर माझा चेहरा सगळं सांगेल. म्हणून मी लिहिलं, आणि वाईट म्हणजे चांगलं लिहिलं. साहेबांचा तो मुद्दा मी सरकारी मराठीत असा बसवला: "संबंधित व्यक्तीचा निर्धार लक्षात घेता, सदर उपाययोजनेचा प्रत्यक्ष उपयोग संभवत नाही." वाक्य साहेबांना फार आवडलं. त्यांनी ते दोघातिघांना वाचून दाखवलं. मलाही क्षणभर बरं वाटलं, आणि मग मी घरी जाऊन जेवायला बसलो. संबंधित व्यक्ती दुसरी कोणी असती तर बरं झालं असतं. पण संबंधित व्यक्ती माझ्याच ताटावर बसली होती, आणि तिचा कसला निर्धार आणि कसलं काय, तिला एका बाईने पिशवी धरायला सांगितली होती.

बायकोला मी ते वाक्य दाखवलं नाही.

सुनावणी पनवेलमध्येच होती, एका सभागृहात. बैठकीला आलेले अधिकारी समंजस दिसत होते, आणि बोलणाऱ्यांच्या हातात माइक आपण होऊन देत होते. आधी उलव्याच्या एका नव्या टॉवरमधले गृहस्थ बोलले. त्यांनी क्रीक व्ह्यूसाठी जास्त पैसे मोजले होते, आणि जाळी लावली तर पुलावरून जाताना जेलमध्ये असल्यासारखं वाटेल असं त्यांचं म्हणणं होतं. मग गव्हाणकडचा एक मासेमार उठला. तो जाळीच्या बाजूने बोलला, पण भलत्याच कारणासाठी.

"जाली लावा, बरा व्हईल," तो म्हणाला. "तुमचा निर्माल्य आमचे जाल्यान येतं. म्हावरा कमी नी हार जास्ती. आमी काय हार इकायचे बाजारान?"

सभागृह हसलं. मीही हसलो. त्यानंतर आमच्या कंपनीचं नाव पुकारलं गेलं आणि मी उठून आमची हरकत वाचली. वजन, वारा, देखभाल. आवाज मी खणखणीत ठेवला. ते वाक्य आलं तेव्हाही माझा आवाज कापला नाही, याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. खाली बसलो तेव्हा साहेबांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

माझ्यानंतर मागच्या रांगेतून एक बाई बोलायला लागल्या. मी वळून बघितलं नाही. गरजच नव्हती. तो आवाज मी कुठेही ओळखला असता.

"आता या साहेबांनी अगदी बरोबर सांगितलं," त्या म्हणाल्या, आणि हे साहेब म्हणजे मी होतो. "जाळ्या लावून कोणाचं काय भलं होणार? आमचं तेवढं निर्माल्य टाकायचं बंद होईल."

"ताई, निर्माल्यासाठी पालिकेने कलश ठेवलेत," अधिकारी म्हणाले.

"कलशात लोक काय काय टाकतात ते बघा एकदा तुम्ही. पूल मोकळाच बरा. पुलावर माणसंही चांगली भेटतात. मागे एकदा आमचे घट उठले, तर पुलावर एक भाऊ उभे होते. चपला काढून उभे होते हो. आजकाल निर्माल्य टाकताना चपला कोण काढतं? मी आमचं सगळं त्यांच्या हातात दिलं, आणि स्कूटरवरून मागे वळून बघितलं तर इतकं हळूहळू, इतकं नीट सोडत होते. मी आमच्या ह्यांना म्हटलं, बघा, भक्ती म्हणजे अशी असते."

सभागृहात लोक कौतुकाने माना डोलावत होते. साहेबही डोलावत होते. माझे कान तापले. मी चुकीच्या कामासाठी गेलो होतो, त्याचं त्यांनी इतकी वर्षं पुण्यकर्म करून ठेवलं होतं, आणि तेच पुण्यकर्म आता जाळी हाणून पाडायला वापरलं जात होतं. मी गप्प बसलो असतो तर कोणालाही कधीच कळलं नसतं. मीच लिहिलेलं वाक्य आणि मीच केलेली भक्ती, दोन्ही मिळून ते कलम बुडणार होतं.

मी हात वर केला. अधिकाऱ्यांनी माइक पुन्हा माझ्याकडे पाठवला. साहेबांना वाटलं मुद्दा राहिला असेल, त्यांनी फाइल पुढे केली.

"साहेब, मघाशी मी वाचलं त्यात एक वाक्य आहे," मी म्हणालो. "संबंधित व्यक्तीचा निर्धार, वगैरे. ते वाक्य मी लिहिलं, आणि ते खोटं आहे. मला माहीत आहे, कारण ताई सांगतात ते पुलावरचे भाऊ मीच. मी निर्माल्य टाकायला गेलो नव्हतो."

मी मागे बघायचं टाळलं.

"माझा काही निर्धार नव्हता. मी आजारी होतो. ताईंनी हातात पिशवी दिली म्हणून मी थांबलो. ती रिकामी करायला जेवढा वेळ लागला तेवढा मला पुरला. त्यानंतर मी दुसरीकडे कुठे गेलो नाही. चहा प्यायला गेलो, मग घरी गेलो, मग डॉक्टरकडे. जाळी एवढंच करेल. थोडा वेळ देईल. पिशवी घेऊन येणारं माणूस दर वेळी भेटेल असं नाही."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं आणि परत उचललं. "कंपनीची हरकत तुम्ही मागे घेताय का?"

"तो अधिकार मला नाही."

"मग ही तुमची व्यक्तिगत सूचना म्हणून नोंदवू. नाव सांगा."

मी नाव सांगितलं. पहिल्यांदा ते त्यांना ऐकू गेलं नाही, पुन्हा सांगावं लागलं. डॉक्टरांकडे पेपरमागे लपणारा मी, भर सभेत आडनावासकट उभा होतो, आणि तिथल्या निम्म्या लोकांच्या मुली आमच्या मुलीबरोबर शाळेत होत्या.

सभा संपल्यावर लोक माझ्यापासून थोडे अंतर ठेवून बाहेर पडले. कोणी वाईट वागलं नाही, फक्त त्यांना नजर कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. साहेब बराच वेळ मोबाइलमध्ये बघत होते. मग म्हणाले, "अहो, आधी सांगायचं होतंत. दुसऱ्या कोणाला लिहायला दिलं असतं." ते मनापासून म्हणाले, आणि मला त्यांचा रागही धड आला नाही. कारण मीही ते वाक्य दुसऱ्या कोणाबद्दल असल्यासारखंच लिहिलं होतं, फक्त तो दुसरा कोणीतरी मीच होतो.

त्या बाई खाली पायऱ्यांवर थांबल्या होत्या. एकट्याच होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला वाटलं देवासाठी काढल्या चपला."

"तुम्हाला कसं कळणार?" मी म्हणालो.

"मी तुम्हाला सांगत बसले, हळूहळू सोडा, हात जोडा." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आणि आज इथे येऊन ते सगळ्यांना सांगितलं. मला लाज वाटते हो."

लाज त्यांना वाटत होती. मला हे असह्य झालं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "पिशवी टाकली नाही मी. तुम्ही सांगितलं होतं ना."

"आहे अजून?"

"आहे. कांदे ठेवतो त्यात."

"मग मी येते न्यायला. रविवारी. पत्ता सांगा."

"एका पिशवीसाठी कशाला एवढं..."

"चांगली पिशवी होती," त्या ठामपणे म्हणाल्या, आणि मी पत्ता सांगितला.

त्या कलमाचं काय झालं ते अजून कळलेलं नाही. मसुदा कुठल्यातरी टेबलावर आहे. गव्हाणच्या पुलाच्या ड्रॉइंगमध्ये मी जाळी काढून ठेवली आहे, वेगळ्या पानावर. साहेबांनी ते पान बघितलं आणि फाइलीतून काढून टाकलं नाही, एवढंच.

घरी बायकोला मी सुनावणीचं सगळं सांगितलं, ते वाक्यसुद्धा. ते वाक्य ऐकून ती उठून आत निघून गेली, आणि ते बरोबरच होतं. पण शनिवारी तिने पिशवीतले कांदे टोपलीत काढले, पिशवी धुतली आणि गॅलरीत वाळत घातली.

रविवारी त्या आल्या. बायकोने पोहे केले. दोघी बराच वेळ पुण्यातल्या खोल्यांच्या भाड्याबद्दल बोलत बसल्या, आणि मी मधेमधे हं हं करत होतो, कारण त्यांच्याकडे सरळ बघणं मला अजून जमत नव्हतं. निघताना बायकोने घडी केलेली पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, बंद ओढून बघितले, आणि दारामागच्या खिळ्याला परत अडकवली.

"आज हातात सामान आहे माझ्या," त्या म्हणाल्या. त्यांच्या हातात काहीच नव्हतं. "पुढच्या वेळी नेईन. तुम्ही असा म्हणजे झालं."

मी मान खाली घालूनच हो म्हणालो.